चीवराखालचा आवाज

मित्रांनो, मोगरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे नदीचा घाट आणि धुण्याचा ढीग येईल. तसले काही मनात आणू नका. मी जन्मात एकही कपडा बडवलेला नाही. मी चिंचेच्या लाकडाची आहे, आता बरीच जुनी झाले आहे, आणि माझी सगळी नोकरी नगरपालिकेत गेली. माझे काम एकच. झाडांना ठोकायचे आणि ती आतून काय बोलतात ते माणसांना ऐकवायचे. उत्तर थायलंडातल्या वियांग यांग गावच्या बाजारात आज दहा उंच झाडे उभी आहेत. त्यांच्या सावलीत माझाही वाटा आहे, हे मी छाती फुगवून सांगते. मला छाती नाही हे मला ठाऊक आहे, पण अभिमानाला तेवढे अडत नाही.

माझा जन्म नगरपालिकेच्या अंगणातला. कचेरीच्या दारात चिंचेचे जुने झाड आहे. त्याची एक फांदी कौलांवर टेकू लागली, तेव्हा माणसांनी ती जागा बघून, बुंध्याची साल न फाडता, सावकाश कापून उतरवली. फांदी कुठे कापायची हे कळायला अक्कल लागते आणि ती इथल्या माणसांना होती. म्हणूनच माझी आई अजून तिथे उभी आहे आणि कर भरायला आलेल्या लोकांच्या डोक्यावर चिंचा टाकते. त्या फांदीचा एक तुकडा वर्षभर गोदामात वाळला. मग सुताराने तो गोल केला, वेळूच्या बुंध्याचा दांडा बसवला आणि मला इन्ताच्या हातात दिले. इन्ताने मला उलटेसुलटे करून बघितले, स्वतःच्याच गुडघ्यावर हलकेच आपटले आणि तो म्हणाला, "चालेल." एवढेच माझे बारसे.

गाव त्याला लुंग इन्ता म्हणते. लुंग म्हणजे काका. तो ढोल बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. विहारात वाजणारे मोठे ढोल त्याच्या बापाने अख्ख्या खोडातून कोरलेले होते. त्यामुळे लाकूड कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, हे इन्ताला लहानपणापासून कानाने कळे. तरुणपणी तो दोन वर्षावास, म्हणजे दोन पावसाळे विहारात राहून, भिक्खू होता. मग चीवर, म्हणजे भिक्खूचे केशरी वस्त्र, परत देऊन घरी आला, लग्न केले आणि नगरपालिकेच्या वृक्ष विभागात लागला. त्या विभागात दोन माणसे, एक शिडी आणि मी. बाकी सगळी झाडेच.

आमच्या गावाचा मान म्हणजे बाजारातल्या जुन्या रस्त्यावरची अकरा यांगची झाडे. यांग म्हणजे सरळसोट उंच झाड, त्याच्या बीला दोन पंख असतात. उन्हाळ्यात ते बी फिरकीसारखे गरगरत खाली येते आणि पोरे ते वाटीत झेलायला धावतात. प्रत्येक झाडावर पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. छत्तीसपासून शेहेचाळीसपर्यंत. वर्षातून दोनदा आमची फेरी निघे. एकदा उन्हाळी वादळांच्या आधी आणि एकदा पाऊस संपल्यावर. इन्ता मला घेऊन झाडाभोवती फिरे. गुडघ्याइतक्या उंचीवर मारायचे, मग कमरेइतक्या, मग छातीइतक्या. भरीव झाड नुसते ठक् म्हणते. साल सुटलेली असली की पट्ट असा चपटा आवाज येतो. आणि आतून पोखरलेले झाड भोंऽऽ करून लांबते. इन्ता मोठ्याने सांगे, कारकून नोंदवहीत लिही.

नुसते ठोकून झाडे जगत नाहीत, हे मी पुढे शिकले. इन्ता जाहिरातींचे खिळे उपटायचा. बुंध्याला काचलेल्या विजेच्या तारा सैल करायचा. एका दुकानदाराने ओटा वाढवताना सदतीस नंबरच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले, तेव्हा इन्ताने त्याच्यासमोर पहार ठेवली आणि शांतपणे विचारले, तुझ्या मानेपर्यंत सिमेंट ओतलं तर तू श्वास कुठून घेशील? दुकानदाराने मुकाट्याने सिमेंट फोडले. शेजारच्या गावांच्या नगरपालिका आमची फेरी बघायला माणसे पाठवत. ती आली की इन्ता मला त्यांच्या हातात देई आणि त्यांना एकदा मारू देई. ती नेहमी फार जोरात मारत. मी मनातल्या मनात हसे.

आता मला माझी चूकही सांगायला हवी. अभिमान असलेल्याने चूक लपवली की तो अभिमान कवडीच्या मोलाचा होतो.

बावीस वर्षांपूर्वी जुना रस्ता रुंद करायचे ठरले. एका सकाळी मोठे यंत्र आले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या लोखंडी दाताने एक्केचाळीस नंबरची साल सोलून काढली. परातीएवढी जखम झाली. त्या झाडाखाली मे चानसोम खाव सोय विकते, म्हणजे रस्सा आणि शेवया. मे म्हणजे आई, सगळा बाजार तिला आईच म्हणतो. ती हातातल्या पळीसकट यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. पाठोपाठ बाजार उभा राहिला. मग विहारातून भन्ते आले. त्यांनी एकच चीवर बरोबर आणले होते. ते त्यांनी जखमी झाडाला बांधले, नेमके जखमेवर, पट्टी बांधावी तसे. उरलेल्या झाडांभोवती मंतरलेले पांढरे सूत फिरवले. झाडाने दीक्षा घेतली. दीक्षा घेतलेल्याला आमच्याकडे कुणी कापत नाही. यंत्रावरचा माणूस खाली उतरला, त्याने हात जोडले आणि यंत्र बंद केले. नवा रस्ता पुढे गावाबाहेरून गेला.

त्या दिवसापासून दर वर्षी चीवराचा दिवस होऊ लागला. नवे चीवर यायचे आणि जुन्यावरच बांधले जायचे. जुने उतरवणार कोण? अंगावरचे चीवर ओढणे म्हणजे पाप. आणि चीवर घातलेल्या अंगावर हात उगारायचा नसतो, मग मोगरी कशी उगारायची? इन्ता एक्केचाळीसपाशी आला की गुडघ्याखाली मारी आणि खांद्याच्या वर मारी. मधला कापडाचा पट्टा सोडून देई. पहिल्या वर्षी कारकुनाने विचारले होते, "लुंग, चीवराच्या जागी काय लिहू?"

इन्ता म्हणाला, "चीवर आहे ना तिथं? मग ठीकच असणार. लिही, ठीक."

कारकुनाने लिहिले. त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. उलट मला ते फार सभ्यपणाचे वाटले.

इन्ता निवृत्त झाला तेव्हा माझे वाईट दिवस आले. नव्या माणसाला प्लास्टिकच्या तोंडाची हलकी हातोडी मिळाली. मी गोदामात खिळ्यावर लटकले. चार वर्षे मला फक्त उत्सवात उतरवत आणि काय करवून घेत? मंडपाच्या खुंट्या ठोकायला लावत. जिने पाच-पाच माणसांच्या कवेत न मावणाऱ्या झाडांशी बोलणी केली, तिने खुंट्या ठोकायच्या. माझ्या कडेचा एक टवका तेव्हाच उडाला. त्याचे मला अजून वाईट वाटते.

मग फिकुन आली. फिकुन म्हणजे बकुळीचे फूल, पण स्वभाव मात्र बाभळीचा. वनशास्त्र शिकून आलेली, तिशीतली बाई. वृक्ष विभागाची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर पडली. प्लास्टिकच्या हातोडीने तिने एक फेरी केली आणि दुसऱ्या दिवशी गोदामात येऊन मला खिळ्यावरून काढले. इन्ताच्या घरी जाऊन तिने मला कसे धरायचे ते विचारून घेतले. मनगट सैल ठेव, तो म्हणाला, झाडाला मारायचं नाही, विचारायचं. पुन्हा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. तीन वर्षे आम्ही बरोबर हिंडलो. आणि मित्रांनो, एक्केचाळीसचा कापडाचा पट्टा आम्हीही सोडतच होतो. नोंदवहीत वर ओळीने 'ठीक' लिहिलेले होते, त्याखाली फिकुनही 'ठीक' लिहीत होती.

यंदा उन्हाळी वादळ लवकर आले. भर दुपारी अर्ध्या तासात बाजाराची दैना झाली. चव्वेचाळीस नंबरची एक फांदी मोडून भाताच्या दुकानाच्या पत्र्यावर पडली आणि एका माणसाचा खांदा मोडला. झाड बिचारे निरोगी होते, वाराच तसा होता. पण भीती झाडाची नाडी बघत बसत नाही. दुसऱ्या दिवशी शेकडो सह्यांचा अर्ज नगरपालिकेत आला. सगळी रांग कापा.

नगराध्यक्ष दम्रोंग वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला माणूस होता. त्याने फिकुनला बोलावून सांगितले, आठ दिवसांनी सभा आहे. तोपर्यंत अकराही झाडे तपास आणि धोका नाही असे लेखी दे. मी लोकांना तोंड देईन. नाही दिलेस, तर कंत्राटदाराला बोलावतो आणि रांग जमीनदोस्त करतो. मला अंत्यविधीला जाऊन कुणाच्या आईपुढे बसायचे नाही.

आम्ही कामाला लागलो. असली फेरी मी आयुष्यात केली नव्हती. फिकुनने प्रत्येक झाडाला तीनऐवजी सहा उंचींवर ठोकले, शिडी लावून आणखी वर. मुळांवरची माती उकरून बघितली. शंका आली तिथे बारीक सळई घालून बघितली. दोन झाडांच्या वाळक्या फांद्या दोरांनी उतरवायला लावल्या. दहा झाडे झाली. दहाही भरीव. ठक्, ठक्, ठक्. माझ्या कडांचे कातडे निघाले म्हणा ना, पण मी खूश होते. उरले एक्केचाळीस.

फिकुनने चीवराच्या गाठीला हात लावायच्या आधीच मे चानसोम पळी घेऊन उठली.

"भन्तेंच्या अंगावरचं चीवर ओढशील का तू? नाही ना? मग ह्याचं का ओढतेस?"

"ओढत नाही, मे. आतून बघू द्या, एवढंच म्हणते."

"आतून काय बघायचंय? चाळीस वर्षं बसतेय मी याच्याखाली. माझ्या गुडघ्यांपेक्षा धड आहे ते."

भोवतीचे लोक हसले, पण कुणी मे चानसोमला बाजूला हो म्हणाले नाही. फिकुन मागे फिरली. कचेरीत येऊन तिने जुनी नोंदवही काढली आणि एक्केचाळीसचे पान उघडले. चव्वेचाळीस ओळी. चव्वेचाळीस वेळा 'ठीक'. शेवटच्या सहा तिच्याच हातच्या. आणखी एक ओळ लिहायची, खाली सही करायची, की अकराच्या अकरा झाडे वाचत होती. लेखणी हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मी टेबलावर पडून बघत होते. खरे सांगू? मला वाटत होते, लिहून टाक.

तिने लिहिले नाही. नोंदवही आणि मी, दोघींना पिशवीत घालून ती इन्ताच्या घरी गेली.

इन्ता ओसरीवर एका ढोलाचे कातडे ताणत बसला होता. आता त्याला कमी ऐकू येते. फिकुनने चहापाणी, तब्येत वगैरे काही केले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवायचा तिचा स्वभाव नाही. तिने पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवले आणि मोठ्याने विचारले, "लुंग, चीवराखाली तुम्ही कधी वाजवलं होतं?"

इन्ताने चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने बघितली. मग चष्मा काढला.

"नाही," तो म्हणाला. "आणि तू?"

"मीही नाही. तुमचं बघून लिहिलं."

"आणि मी कापड बघून लिहिलं."

 मग फिकुनने मनातली भीती सांगितली. हे एक पोकळ निघाले तर लोक म्हणतील, नगरपालिकेची वही खोटी, मग सगळीच झाडे पोकळ. एकापायी दहा जातील. इन्ताने ऐकून घेतले. तो म्हणाला, "आणि पोकळ असून उभं राहिलं, आणि जेवणाच्या वेळी चानसोमच्या बाकांवर माणसं बसलेली असताना..."  त्याने पिशवीतून मला बाहेर काढले. सात वर्षांनी त्याचा हात मला लागला. त्याने मला धरले अगदी पूर्वीसारखे, सैल मनगटाने.

सकाळी तो आधी विहारात गेला आणि थोरल्या भन्तेंना घेऊनच बाजारात आला. भन्तेंना बघून मे चानसोमने पळी खाली ठेवली. इन्ताने झाडापुढे गुडघे टेकून तीनदा वंदन केले. मग त्याने गाठ सोडली. वरचे चीवर लखलखीत केशरी होते. त्याच्याखालचे फिकट. त्याच्याखालचे तपकिरी. पुढे पुढे तर कापड ओल्या पाचोळ्यासारखे हातात येऊ लागले, त्यातून मुंग्या धावत सुटल्या आणि तळघरासारखा कुबट वास बाजारभर पसरला. फिकुन प्रत्येक तुकडा परातीत नीट ठेवत होती आणि मोजत होती. बाविसावे चीवर सालीला चिकटले होते. ते सुटले तेव्हा परातीएवढी जखम दाराएवढी झालेली दिसली. काळी, ओली, कडेला भूछत्रांची झालर. बावीस वर्षे आम्ही तिला वारा लागू दिला नव्हता.

इन्ताने मला फिकुनच्या हाती दिले. म्हणाला, "तू मार. माझे कान आता भरवशाचे नाहीत. मी हात लावून ठेवतो."

त्याने जखमेशेजारी तळवा टेकला. फिकुनने मारले.

भोंऽऽ.

मित्रांनो, तो माझाच आवाज होता आणि मला तो ओळखू येईना. विहारातला ढोल वाजावा तसा तो लांबला, बाजार ओलांडून गेला. फिकुन सरकत सरकत पुढे मारत गेली आणि अर्ध्या बुंध्याने तेच उत्तर दिले. सळई घातली तर ती हातभर आत गेली, लोण्यात जावी तशी. ढोल बनवणाऱ्याच्या मुलाला ते ऐकायला कान लागत नव्हते. त्याचा तळवा तिथेच होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. मे चानसोम आपल्या बाकावर मटकन बसली. मग तिने वर बघितले आणि ती बाकावरून उठली.

ती भन्तेंना म्हणाली, "दीक्षा घेतलेल्याला कसं कापायचं?"

भन्ते वयाने फार थकलेले, हळू बोलणारे. ते म्हणाले, "भिक्खू चीवर परत देऊन घरी जातो, त्यात काही कमीपणा असतो का? हा इन्ता नाही का गेला? ह्या झाडानं बावीस वर्षावास पुरे केले. आता त्यालाही घरी पाठवू."

आणि त्यांनी, माणसाला निरोप देताना म्हणतात तेच शब्द, झाडाला म्हटले. बाजार हात जोडून उभा होता. कुणी घाई केली नाही.

त्यानंतर इन्ताने नोंदवही मागितली. चव्वेचाळीस ओळींच्या खाली त्याने आपल्या वाकड्या अक्षरात लिहिले: चीवराखाली मी कधी वाजवले नाही. चूक माझी. इन्ता. फिकुनने खाली लिहिले: आणि माझी. मग दोघांनी तारीख घातली. सरकारी वहीत असले काही लिहायची रीत नाही, पण कारकुनाने वही निमूटपणे कपाटात ठेवली.

सभेच्या दिवशी फिकुन मला टेबलावर ठेवून बोलायला उभी राहिली. दहा झाडे भरीव आहेत, त्यांची मी हमी देते, ती म्हणाली. एक पोकळ आहे, ते उतरवावे लागेल. मग वहीतले ते पान तिने स्वतःच वाचून दाखवले. व्हायचे तेच झाले. सभागृहात गलका उठला. बावीस वर्षे खोटी वही लिहिणारे आज दहाची हमी देतात, हिच्या बोलण्यावर का विसंबायचे, कापा सगळी. दम्रोंगने कपाळाला हात लावला. कंत्राटदाराचा माणूस दाराशी बसलेलाच होता.

तेव्हा मागच्या रांगेतून मे चानसोम उठली. ती सभेला कधी येत नाही. अंगाला रश्श्याचा वास तसाच होता. फिकुनकडे तिने बघितलेही नाही, कारण राग अजून गेलेला नव्हता. ती दम्रोंगला म्हणाली,

"हिला गप्प बसून सही करता आली असती. कुणाला कळणार होतं? कापडाखाली मी सुद्धा बघू देत नव्हते. हिनं माझं झाड कापायला सांगितलंय, माझं, बरं का. मग जी बाई वाईट असलेल्याला वाईट म्हणाली, ती चांगल्याला चांगलं म्हणते तेव्हा विश्वास नाही ठेवायचा, तर कधी ठेवायचा?"

आणि ती खाली बसली. जराशाने पुन्हा उठून म्हणाली, "माझी बाकं मी चाळीस नंबरखाली मांडणार आहे. कुणाला भीती वाटत असेल त्यानं माझ्याकडे जेवू नये."

गलका थांबला. आमच्या गावात मे चानसोमचा खाव सोय सोडायची कुणाची तयारी नाही. हात वर झाले. मी टेबलावरून मोजत होते. दहा झाडे राहिली, एक जायचे ठरले.

एक्केचाळीस यंत्राने पाडले नाही. दोर लावून, वरून खाली, एकेक फांदी करत चार दिवसांत उतरवले. बुंधा आडवा झाला तेव्हा आत माणूस उभा राहील एवढी पोकळी दिसली आणि बाहेरची भिंत एका बाजूला चार बोटांचीही नव्हती. ती बाजू बाकांकडची. ज्यांनी सह्या केल्या होत्या आणि ज्यांनी केल्या नव्हत्या, ते सगळे येऊन बघून गेले.  खांदा मोडलेला माणूस गळ्यात झोळी बांधून आला होता. हात जोडता येत नव्हते म्हणून त्याने फिकुनपुढे नुसती मान लववली.

लोक माझे कौतुक करतात ते उंच झाडांपायी, सुंदर सावलीपायी. करू देत, मला आवडते. पण मला विचाराल, तर मला सगळ्यात अभिमान त्या एका वाईट आवाजाचा आहे. हजारो वेळा मी 'ठीक' म्हणाले. पण त्या सकाळी 'ठीक नाही' म्हणाले आणि माणसांनी कानावर हात ठेवले नाहीत.

आता आमच्याकडे चीवराचा दिवस वेगळा होतो. भन्तेंनीच तशी रीत घालून दिली. यंदापासून चीवराचा मान चाळीस नंबरकडे आला आहे. यापुढे दर वर्षी आधी जुने चीवर आदराने उतरवायचे, मग झाडाला सगळीकडून, अगदी सगळीकडून वाजवायचे आणि मगच नवे बांधायचे. वाजवल्याशिवाय बांधायचे नाही. भन्तेंच्या तबकात मेणबत्ती, फुले, नवे चीवर आणि चीवराशेजारी मी. हो, मी. जिला कधी काळी खुंट्या ठोकायला लावले, ती मोगरी आता फुलांत पडून विहारातून मिरवत येते. माझ्या तोंडाला एक चीर गेली आहे आणि ती वाढत चालली आहे. आणखी दोन-तीन वर्षे, फार तर. कचेरीसमोरच्या माझ्या आईची एक फांदी यंदा पुन्हा कौलांकडे वळली आहे, ती फिकुनच्या नजरेत आहे. पुढच्या मोगरीची काळजी नाही.

यंदाच्या चीवराच्या दिवशी इन्ताला दोघांनी धरून आणले. आता त्याला ढोलही ऐकू येत नाही. फिकुनने मला उचलले, तेव्हा त्याने आपला तळवा नवे चीवर जिथे बांधायचे होते, बरोब्बर तिथे टेकला. फिकुनने मारले. इन्ताने डोळे मिटून घेतले, मान हलवली आणि म्हणाला, "भरीव." मग तळवा वीतभर सरकवला आणि म्हणाला, "इथंही मार." असे करत त्याने अख्खे झाड फिरून घेतले. नवे चीवर हातावर घेऊन भन्ते उन्हात उभे राहिले होते. मे चानसोम कपाळावर हात धरून वाट बघत होती, तिचा रस्सा उकळून आटत होता. पण त्याचे झाड फिरून होईपर्यंत कुणीही त्याला पुरे म्हणाले नाही.

मित्रांनो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माणसांच्या बाबतीत खुशाल म्हणा, झाडाच्या बाबतीत म्हणू नका. तुमच्याही गावात असे एखादे झाड असेल, ज्याला तुम्ही नमस्कार करता, दोरा गुंडाळता, शेंदूर लावता. जरूर करा. पण नमस्कार करून झाला की तिथून लगेच निघू नका. त्याच्या अंगाला कान लावा, आणि नगरपालिकेच्या माणसाला विचारा, दोऱ्याखाली वाजवलंत का?